तारामती कोण होणार?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एकांकिकेतील आईची भूमिका मी केली. साडी नेसून रंगमंचावर आलो आणि सभागृहात हशा उसळला. पुढचे दुःखाचे संवादही त्या हशातच वाहून गेले. खरे तर ही भूमिका बोईसरहून पालघरला येणाऱ्या आमच्या वर्गातील एका मुलीची. तालमीत ती बोलू लागली की आम्ही सारे गप्प होत असू. परंतु तालीम संपायला रात्र होई, गाडीने एकटीने परतायचे, आणि घरी प्रश्न : "नाटकात काम करणाऱ्या मुलीला स्थळ कुठून येणार?" आठव्या दिवशी ती आलीच नाही.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी एकही स्त्री मिळेना. अखेर हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसले. त्यानंतर १९ वर्षांनी, म्हणजे १९३२ साली, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. माझे आजचे वय तेवढेच, १९.

दुर्गाबाई संपन्न घरातल्या, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या. तरीही १९३१ च्या 'फरेबी जाल'मधील छोट्याशा भूमिकेवरून त्यांना टीका सोसावी लागली. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी दोन मुलगे. पण त्या थांबल्या नाहीत. 'अमर ज्योती'तील बंडखोर सौदामिनी, रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई, 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई या साऱ्या त्यांच्याच. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार तारामतीला मिळाला!

दुर्गाबाईंनी घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडून दिले, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरेच. परंतु त्यांच्या पाठीशी नाव होते, शिक्षण होते. तारापूरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाची, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुलगी कोणाच्या बळावर त्या दारातून जाणार? "आमच्या मुली लाजतात" असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. ती लाजली नव्हती. तिला गाडी गाठायची होती.

तेव्हा यंदा तालमी दुपारी ठेवा. प्राध्यापिका बाईंनी तिच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे. दोघी-तिघी मैत्रिणी एकत्र घेतल्या तर परतीचा प्रवासही सोबतीने होईल. एवढे करणे काही कठीण नाही.

मी मात्र यंदा साडी नेसणार नाही.