जल्लोष हवा, निष्कर्ष नको

23 नोव्हेंबर 2024 रोजी टॉटनहॅम हॉटस्परने मँचेस्टर सिटीला सिटीच्याच एतिहाद मैदानावर 4-0 असे लोळवले. सर्व स्पर्धा मिळून घरच्या मैदानावर सलग 52 सामने अपराजित राहिलेला हा संघ आणि त्याला हरवणारा संघ कोणता? तर अवघ्या तेरा दिवसांपूर्वी स्वतःच्या मैदानावर इप्सविचकडून 2-1 असा हरलेला. इप्सविचचा तो प्रीमिअर लीगच्या हंगामातला पहिलाच विजय होता. त्याआधी क्रिस्टल पॅलेसनेही लीगमधले आपले विजयाचे खाते टॉटनहॅमला हरवूनच उघडले होते. एतिहादवरच्या त्या रात्री टॉटनहॅमचे चाहते आनंदाने वेडे झाले आणि प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांचा आक्रमक खेळ हाच खरा मार्ग, अशी ग्वाही जो तो देऊ लागला. मग फुलहॅमशी बरोबरी झाली आणि 5 डिसेंबरला बोर्नमथकडून पराभव झाला. तिथे सामना संपल्यावर हेच प्रशिक्षक चाहत्यांसमोर गेले, तेव्हा त्यांना चार शब्द ऐकून घ्यावे लागले. जयजयकार आणि शिव्याशाप यांत अंतर होते बारा दिवसांचे. यावरून फुटबॉलचे चाहते चंचल असतात, एका विजयाने हुरळतात आणि एका पराभवाने खचतात, असा शेरा मारणे सोपे आहे. पण हा शेरा चुकीच्या माणसांवर मारला जातो. अनपेक्षित विजयाने हुरळून जाणे हा चाहत्याचा हक्कच आहे. त्या विजयावरून निष्कर्ष काढून निर्णय घेणाऱ्यांचे हुरळणे मात्र महागात पडते, आणि त्यांना जाब फारसा कोणी विचारत नाही.

आधी त्या 4-0 विजयाकडेच नीट पाहू. टॉटनहॅमचे दोन्ही प्रमुख मध्यवर्ती बचावपटू, क्रिस्टियन रोमेरो आणि मिकी व्हॅन डी व्हेन, त्या दिवशी खेळले नव्हते. तरीही सिटीला एक गोल करता आला नाही. हे कौतुकास्पदच. पण सिटीचा तो सर्व स्पर्धांतला लागोपाठ पाचवा पराभव होता. संघाचा कणा असलेला रॉड्री सप्टेंबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर गेला होता आणि सिटीची घसरण त्या रात्रीनंतरही सुरूच राहिली. म्हणजे धावफलकावर दिसणाऱ्या चार गोलांत टॉटनहॅमच्या ताकदीचा वाटा किती आणि सिटीच्या पडझडीचा किती, हे त्या रात्री कोणालाच सांगता आले नसते. आणखी एक गोष्ट तर त्या रात्री दिसलीही नाही. टॉटनहॅमचा गोलरक्षक ग्युलेल्मो व्हिकारिओ याच्या घोट्याचे हाड त्याच सामन्यात मोडले होते आणि तो तसाच शेवटपर्यंत खेळला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि संघाला कित्येक आठवडे त्याच्याविना खेळावे लागले. हंगामातला सर्वांत देखणा विजय आपल्यासोबतच पुढच्या अपयशाचे एक कारण घेऊन आला होता. फेब्रुवारीत सिटी टॉटनहॅमच्या मैदानावर आली, तेव्हा 1-0 ने जिंकून गेली.

एका सामन्यावरून संघ जोखता येत नाही याचे मूळ फुटबॉलच्या रचनेतच आहे. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात शंभरावर गुण होतात. कसोटी क्रिकेटमध्ये पाच दिवसांत चांगल्या-वाईट नशिबाची बरीच फिटंफाट होते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात आणि त्यातला एखादा बचावपटूच्या पायाला लागून वळलेला असतो. घटना जितक्या कमी, तितका योगायोगाचा वाटा मोठा. त्यात भर पडते ती आणखी एका साध्या नियमाची. असाधारण कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा नेहमीच्या पातळीकडे परत येते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचे उदाहरण देऊन हे दाखवले होते. उत्तम उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणाबद्दल झापले की ते सुधारते, असे त्या प्रशिक्षकांचे ठाम मत होते. प्रत्यक्षात शाबासकीने काही बिघडत नव्हते आणि झापल्याने काही सुधारत नव्हते. दोन्ही टोकांवरून उड्डाणे आपल्या सरासरीकडे येत होती. एतिहादनंतर टॉटनहॅमचे जे झाले, त्यासाठी खेळाडूंच्या डोक्यात हवा गेली, असला खुलासा शोधायची गरज नाही. तो संघ आपल्या मूळ पातळीवर परत आला, एवढेच.

मग चाहत्याने आनंद तरी का करावा? कारण त्याचा आनंद हे भाकीत नसते. अडतीस सामन्यांच्या हंगामात अधूनमधूनच काही पदरात पडणाऱ्या क्लबचा चाहता वर्षभर निष्ठेची किंमत मोजत असतो. लंडनमधला चाहता ती तिकिटाच्या पैशांत मोजतो, पुण्या-मुंबईतला झोपेच्या तासांत. एतिहादचा तो सामना आपल्याकडे रात्री अकराला सुरू झाला होता. पुढे मे महिन्यातला टॉटनहॅमचा युरोपा लीगचा अंतिम सामना सुरू झाला तो रात्री साडेबाराला. इतके मोजल्यावर हाती आलेल्या चार गोलांवर त्याने सिटीच्या दुखापतींची वजावट करत बसावे, ही अपेक्षा अरसिक तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे. त्याच्या जल्लोषाने कोणाचा करार वाढत नाही की कोणाची नोकरी जात नाही. मे महिन्यात वळवाची सर आली की शेतकऱ्याला आनंद होतोच आणि व्हायलाच हवा. पण जाणता शेतकरी त्या सरीवर पेरणी करत नाही. पुरेशी ओल होईपर्यंत थांबा, असे कृषी खाते दरवर्षी सांगते, कारण घाई केली तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. भिजण्याचा आनंद आणि पेरणीचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फुटबॉलमध्ये पेरणी चाहता करत नाही, क्लबचे संचालक करतात.

त्यांनी घाई केली की काय होते, याचे ठळक उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे आहे. 2023-24 च्या हंगामात युनायटेड प्रीमिअर लीगमध्ये आठवा आला. या लीगमधली तोवरची ती त्यांची सर्वांत खालची जागा होती आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल जास्त होते. प्रशिक्षक एरिक टेन हाग जाणार, असे जवळपास सगळेच धरून चालले होते. मग 25 मे 2024 रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात युनायटेडने सिटीला 2-1 असे हरवले. अलेहांद्रो गार्नाचो आणि कोबी मेनू या दोन पोरांनी गोल केले. चाहत्यांनी उत्सव केला, तो योग्यच होता. पण त्यानंतर क्लबने हंगामाचा आढावा घेतला, टेन हाग यांना कायम ठेवले आणि जुलैमध्ये त्यांचा करार 2026 पर्यंत वाढवला. उन्हाळ्यात नव्या खेळाडूंवर मोठा खर्च झाला. 28 ऑक्टोबरला, संघ चौदाव्या क्रमांकावर असताना, टेन हाग यांना काढून टाकण्यात आले. हंगामाच्या मध्यावर आलेल्या रुबेन अमोरिम यांना दुसऱ्याने निवडलेला संघ सांभाळावा लागला आणि युनायटेड पंधराव्या स्थानी फेकला गेला. अडतीस सामन्यांनी जे सांगितले होते ते एका दुपारने पुसून टाकले, आणि पुसणारे हात चाहत्यांचे नव्हते.

वर्षभराने टॉटनहॅमपुढे हाच प्रश्न अधिक तीव्रपणे उभा राहिला. 2024-25 मध्ये लीगमधले 22 सामने हरून हा संघ सतराव्या क्रमांकावर आला. त्याच्या खाली उरले फक्त खालच्या श्रेणीत घसरलेले तीन संघ. त्यांतल्या दोघांनी, म्हणजे इप्सविच आणि लेस्टर यांनी, टॉटनहॅमला टॉटनहॅमच्याच मैदानावर हरवले होते. पण याच संघाने 21 मे 2025 रोजी बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला 1-0 असे नमवून युरोपा लीग जिंकली. 2008 च्या लीग कपनंतरचा हा पहिला करंडक आणि 1984 नंतरचे पहिले युरोपीय जेतेपद. दुसऱ्या वर्षी आपण नेहमीच काहीतरी जिंकतो, असे हंगामाच्या सुरुवातीला सांगून चेष्टेचा विषय झालेल्या पोस्टेकोग्लूंनी आपला शब्द खरा केला. विजययात्रा निघाली, आणि दोनच दिवसांनी लीगच्या शेवटच्या सामन्यात घरच्या मैदानावर ब्रायटनकडून 4-1 असा पराभव झाला. 6 जून रोजी क्लबने पोस्टेकोग्लूंना निरोप दिला आणि या विजयाशी जोडलेल्या भावनांवर आपण निर्णय बेतू शकत नाही, असे निवेदनात स्पष्ट लिहिले. अनेकांना ही कृतघ्नता वाटली. मला वाटते, क्लबने निदान प्रश्न तरी बरोबर विचारला होता. पुढे नव्या प्रशिक्षकाने काय मिळवले किंवा गमावले, यावर त्या निर्णयाचे मोल ठरवणे म्हणजे पुन्हा निकालावरून निर्णयाला जोखण्याची तीच चूक करणे होय.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. क्लब असतात कशासाठी? करंडक जिंकण्यासाठीच ना? चौथ्या-पाचव्या क्रमांकाची आठवण पन्नास वर्षांनी कोणी काढत नाही, बिल्बाओची मात्र काढतील. मग ज्याने सतरा वर्षांचा दुष्काळ संपवला, त्याचे लीगमधले पराभव मोजत बसणे हा कारकुनीपणा नव्हे का? शिवाय ती रात्र निव्वळ नशिबाची नव्हती. पोस्टेकोग्लूंनी लीगवर पाणी सोडून युरोपकडे लक्ष वळवले, आपला आवडता आक्रमक खेळ बाजूला ठेवला, अंतिम सामन्यात चेंडूचा ताबा बहुतेक वेळ युनायटेडला देऊन आघाडी राखली. हे सगळे मान्य. त्या जेतेपदाचे श्रेय त्यांचेच आहे आणि ते कोणी काढून घेऊ नये. पण श्रेय ही झालेल्या कामाची पावती असते, पुढच्या कामाची हमी नसते. टॉटनहॅमने त्या हंगामात युनायटेडला एकूण चार वेळा हरवले. ऐकायला हे भव्य वाटते, पण तो युनायटेड पंधराव्या क्रमांकाचा होता. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळायचे होते आणि त्यासोबत लीगचे अडतीस सामनेही. त्यासाठी प्रशिक्षक कोण हवा, या प्रश्नाचे उत्तर बिल्बाओच्या एका रात्रीत सापडत नव्हते. कृतज्ञता पुतळा उभारून, मानधन देऊन, सन्मानाने निरोप देऊन व्यक्त करता येते. नोकरी चालू ठेवणे हा तिचा एकमेव मार्ग नाही.

दुसरा आक्षेप लेस्टरचा. एखादा विजय खरोखरच संघाचे नशीब पालटतो, आत्मविश्वास नावाची काही चीज असते, असे म्हणणारे 2015 कडे बोट दाखवतात. 2014 च्या नाताळात तळाला असलेला लेस्टर त्या हंगामात घसरणीतून वाचला आणि पुढच्याच हंगामात, पाच हजारांस एक असा भाव असताना, प्रीमिअर लीगचा विजेता झाला. पण हे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. लेस्टरने 2015 च्या वसंतात शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले होते. तो एक चमत्कार नव्हता, ती सलग मालिका होती. आत्मविश्वास खरा असेल तर तो पुढच्या पाच-सात सामन्यांत दिसतो. त्यासाठी थांबण्याने काहीच बिघडत नाही. आपल्या राष्ट्रीय संघाचा अनुभवही फार जुना नाही. 6 जानेवारी 2019 रोजी भारताने आशियाई चषकात थायलंडला 4-1 असे हरवले. 1964 नंतर या स्पर्धेतला आपला हा पहिला विजय होता. देशभर फुटबॉलच्या पुनर्जन्माची भाषा सुरू झाली, तर थायलंडने दुसऱ्याच दिवशी आपल्या प्रशिक्षकाला हाकलले. पुढे भारत संयुक्त अरब अमिराती आणि बहारीनकडून हरून गटातच बाद झाला, प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला, आणि 4-1 ने चिरडलेला थायलंड बाद फेरीत पोहोचला. एका सामन्याने त्या दोन संघांबद्दल जे सांगितले, त्याच्या उलट पुढच्या दोन सामन्यांनी सांगितले.

तिसरा आक्षेप असा की चाहता आणि क्लब अशी फाळणी व्यवहारात टिकत नाही. जल्लोषाचा दबाव तयार होतो आणि संचालक त्याला बळी पडतात. दबाव असतो हे खरे, पण चाहते दोन हिशेब एकाच वेळी ठेवू शकत नाहीत, हे खरे नाही. 16 फेब्रुवारी 2025 रोजी टॉटनहॅमच्या चाहत्यांनी सामन्याआधी क्लबचे तत्कालीन अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांच्या कारभाराविरुद्ध निदर्शने केली. त्याच दिवशी संघाने युनायटेडला 1-0 असे हरवले आणि त्याच चाहत्यांनी तो विजय साजराही केला. विजयाने तक्रार मिटली नाही आणि तक्रारीने विजय नासला नाही. ज्यांना चंचल म्हणून हिणवले जाते, त्यांना जे जमते ते लाखो पौंड पगार घेणाऱ्या व्यवस्थापनाला जमू नये, ही सबब मान्य करण्यासारखी नाही.

व्यवस्थापनासाठी उपाय काही गूढ नाही. अंतिम सामन्यासारख्या लढतीच्या आधीच, निकाल कसाही लागला तरी प्रशिक्षकाबाबत काय करायचे आणि कोणत्या कसोटीवर, हे लिहून ठेवावे. नव्वद मिनिटांनी तो निर्णय बदलणार असेल, तर तो निर्णय क्लबने घेतलेलाच नसतो, तो गोलरक्षकाच्या हातून निसटलेल्या एखाद्या चेंडूवर सोपवलेला असतो. पत्रकारांनीही मोठ्या विजयानंतर नव्या पर्वाचे मथळे देण्याआधी मागचे दहा आणि पुढचे पाच सामने पाहावेत. चाहत्यांना मात्र कोणतीही पथ्ये सांगू नयेत. बेभरवशाच्या हंगामात अचानक मिळालेला विजय त्यांनी मनसोक्त साजरा करावा, पुढच्या पराभवानंतर हवे तेवढे चिडावे. त्यांच्या आनंदाला शहाणपणाची अट नाही. ती अट आहे ती ज्यांच्या हातात करारांची कागदपत्रे आणि सहीचे पेन असते त्यांना.