अडीच हजारांची समता

अर्थसंकल्पाचा विषय निघाला की बदलापूर लोकलमध्ये अजूनही चर्चा रंगते ती बारा लाखांची. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. छानच झालं. पण अंबरनाथच्या एमआयडीसीत महिना १३ हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्याचं काय? आयकर त्याला आधीही नव्हता. त्याच्या पगारातून कापला जातो तो ‘पीटी’, म्हणजे व्यवसाय कर: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. (मोठ्या कापणीसाठी सगळ्यात लहान महिना कुणी निवडला कोण जाणे.) वर्षाचे झाले २,५००.

महिना लाख रुपये कमावणाऱ्याचा आयकर आता शून्य. व्यवसाय कर? तेच २,५००. तेरा हजारवाला आणि लाखवाला सरकारला पगारातून अगदी सारखीच रक्कम देतात. पगाराच्या प्रमाणात पाहिलं तर पहिल्यावरचा भार जवळपास आठपट.

लाखाच्या बऱ्याच वर गेल्यावर गंमत वेगळी. एकट्याचं करपात्र उत्पन्न २४ लाख असेल तर उपकरासह ३ लाख १२ हजार भरावे लागतात. तेच नवरा-बायकोने बारा-बारा लाख कमावले तर काहीच नाही. आयकर माणसं मोजतो, चुली मोजत नाही. उल्हासनगरच्या दुकानदाराला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: २ कोटींची उलाढाल सगळी बँकेतून झाली, तर ६ टक्क्यांनी १२ लाख नफा दाखवता येतो. त्यावरही आयकर नाही.

व्यवसाय कर आला १९७५ साली, वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता म्हणून. शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराला हात द्यावा, हा विचार मला आजही पटतो. पण घटनेच्या कलम २७६ ने या कराला वरून झाकण घातलं आहे: वर्षाला २,५०० रुपये, १९८८ च्या दुरुस्तीपासून. त्यामुळे लाखवाल्याकडून जास्त घेता येत नाही आणि खालच्याला सोडायचं कुणाच्या मनात येत नाही.

मनात आलं की सोडता येतं. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्राने २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना या करातून वगळलं. म्हणून जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करणारी बाई सुटते आणि शेजारच्या मशीनवरचा तिचा नवरा तेवढ्याच पगारावर कर भरतो. कर्नाटकाने त्याच वर्षी २५ हजारांची मर्यादा सगळ्यांनाच लावली. आपल्याकडे तसं करायला घटनादुरुस्ती नको, दिल्लीची परवानगी नको. राज्याच्या कायद्यातली एक अनुसूची बदलली की झालं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि मुरबाडच्या आमदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एवढी एक मागणी लावून धरावी.