कल आधी की ओळख आधी?

दहावीचा निकाल लागला की आसेगावात पोरं विचारतात, "दादा, पुढं काय करू?" तुला काय आवडतं, असं उलट विचारलं तर उत्तर ठरलेलं: पोलीस भरती, नाहीतर आयटीआय.

2016 पासून काही वर्षे राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सोबतीने दहावीची कल चाचणी घेतली. कृषीपासून ललित कला, गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रे. हेतू चांगलाच. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनीही 1959 साली मांडलं, की स्वभावाचे सहा प्रकार असतात (हाताने काम करणारा, शोधक, कलावंत, लोकांत रमणारा, पुढाकार घेणारा, टापटीप कामाचा) आणि स्वभावाशी जुळणारं काम माणसाला समाधान देतं.

पण ज्या मुलीने प्रयोगशाळा पाहिलीच नाही, ती 'संशोधन आवडतं' यावर खूण कशी करणार? तिचा कल नाही, असं कागद सांगतो. खरं तर ओळख नाही.

बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच दाखवलं होतं: जात माणसाचं काम आधीच ठरवते, तेही घडवलेल्या क्षमतेवरून नव्हे, आईबापाच्या दर्जावरून. आज सक्ती कायद्याने गेली, पण बापाची मजुरी पर्याय छाटतेच.

म्हणून मित्रांनो, चाचणीआधी पोरांना वाशिमचं न्यायालय, कॉलेजची प्रयोगशाळा दाखवा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर समाजकल्याण कार्यालयातून स्वाधार योजनेचा अर्ज वेळेत भरून घ्या.