गच्चीवरची भाजी : आधी वजन, मग बियाणे

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधून एका मराठी भगिनीचे पत्र आले आहे. घर आजेसासऱ्यांच्या काळातले, गच्ची ऐसपैस. चार कुंड्यांत मिरच्या-टोमॅटो छान आले. आता थंडी संपत आली, तर गच्चीभर माती पसरून वाफे करावेत का, असे त्या विचारतात.

हौस समजण्यासारखी आहे. त्यांच्याच भागातला कोतवाल चावडीचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये कोयंबेडूला गेला. दाराशी असलेली ताजी भाजी लांब गेली, ती गच्चीवर आणावी असे कुणालाही वाटेल. पण वाफे मात्र करू नका.

चेन्नईतल्या जुन्या घरांची गच्ची बहुधा 'मद्रास टेरेस' पद्धतीची असते. लाकडी तुळयांवर उभ्या विटा आणि त्यावर चुन्याचा थर. एक मीटर लांब-रुंद आणि एक फूट खोल वाफ्यातली ओली माती सुमारे पाचशे किलो भरते! शिवाय ओल झिरपून तुळया कुजतात. म्हणून आधी जाणकार इंजिनिअरला गच्ची दाखवा. छताला ओल किंवा तडा दिसला, तर बाग अंगणातच बरी.

त्यांनी होकार दिला, तर यंदा फक्त सहा-आठ कुंड्या वाढवा. त्या मधोमध न ठेवता कठड्यालगत, खाली भिंत असेल तिथे, विटांवर ठेवा. माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घ्या. भुसा दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. हे मिश्रण नुसत्या मातीपेक्षा हलके असते आणि ओलही धरते.

चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. फेब्रुवारीपासून कोरडे दिवस सुरू होतात. त्यामुळे कोबी-फ्लॉवरच्या मोहात न पडता भेंडी, गवार, चवळी आणि माठ लावा. भेंडीचे बी रात्रभर भिजवून बोटाच्या पेरभर खोल पेरा. एका मोठ्या कुंडीत एकच रोप ठेवा. दीड-दोन महिन्यांत भेंडी लागते, म्हणजे मे महिन्यातल्या कडक उन्हाआधी बरीच भाजी हाती येते. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते. असे रोप लगेच उपटून टाका.

पाण्याचा हिशेबही आधीच करा. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईकरांनी टँकरसाठी रांगा लावल्या होत्या. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी साठवून सकाळी घाला, बुंध्याशी वाळका पाला पसरा. विहिरीचे पाणी मचूळ लागत असेल तर ते झाडांना नको.

भगिनी, कुंड्या पुढच्या वर्षी आणखी वाढवता येतील. आजेसासऱ्यांची गच्ची मात्र जपायलाच हवी.