निद्रेतील दंतघर्षणाची नोंद

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी लातूर-नांदेडच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा विद्यार्थी रात्री करकर दात खाऊ लागला की, जंतांचे औषध पाजून प्रकरण दप्तरदाखल करण्याची आपली वहिवाट आहे. वस्तुतः मानसिक ताण, अपुरी निद्रा आणि रात्रीचा चहा यांचीच चौकशी प्रथम व्हावयास हवी. निदानाचे म्हणाल तर, दंतघर्षणाविषयीच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-मतैक्यानुसार सोबत्याची साक्ष केवळ शंका उपस्थित करते, सपाट झालेली दाढ वा गालाच्या आत उमटलेली पांढरी रेघ ती बळकट करते, आणि निश्चिती उपकरणाच्या नोंदीनेच होते. दातांवर बसणाऱ्या पट्टीतील दाबमापक संवेदक अशी नोंद घरच्या अंथरुणावर घेऊ शकतात. मराठवाड्यातील दंत महाविद्यालयांनी ही तपासणी अल्प शुल्कात विद्यार्थ्यांस उपलब्ध करून द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.