चार आणे, साडेसातशे रुपये

प्रत्येक ऑफिसात एक 'एक्सेलचा बाप' असतो. कुणाची शीट अडली की त्याला खुर्चीसकट ओढत आणलं जातं. आमच्या मास कॉमच्या बॅचमध्ये हे पद माझ्याकडे होतं. आता फ्रीलान्स करते, पण टेच तीच! ती टेच कुठे उतरली, त्याची ही गोष्ट.

मे महिना होता. तेंदूपत्त्याच्या सीझनवर स्टोरी करायची म्हणून मी चंद्रपूरला उतरले. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी कुणी फारसं दचकत नाही. मी मात्र दचकले. मग मूलमार्गे गडचिरोली आणि तिथून पुढे जंगलातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे जो घोळ आहे तो माझा आहे, गावाचा नाही.

तेंदूचं पान म्हणजे विडीचं वरचं वेष्टन. 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. बाया भल्या पहाटे जंगलात जातात, पानं तोडून आणतात, घरी सगळं कुटुंब बसून पुडे बांधतं आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात. सीझन थोड्या दिवसांचा, पण वर्षातली रोकड बऱ्याच घरांत त्यातूनच येते.

1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी गौण वनउपजावर गावाचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हातात आलं. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूही स्वतः विकू लागल्या. हक्क आला आणि पाठोपाठ हिशेबही आला.

या गावात हिशेब ठेवत होता एक बीए झालेला मुलगा. जुना लॅपटॉप, एक जाडजूड रजिस्टर आणि कॅल्क्युलेटर. तो एकेक आकडा कॅल्क्युलेटरवर काढून शीटमध्ये टाइप करत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "सरक, दोन तासांचं काम दहा मिनिटांत करते." केलंही!

आकडे मी सोपे करून सांगते. समजा, दर होता शंभर पुड्यांना 425 रुपये. मी म्हटलं, आधी एका पुड्याचा दर काढू. 425 भागिले 100, म्हणजे 4.25. आता मजुरीच्या सगळ्या रकमा पूर्ण रुपयांत हव्या होत्या आणि पैशांची शेपटी मला दिसायला नको होती. म्हणून त्या दरालाच 'राउंड' लावून टाकलं. 4.25 चे झाले 4. कॉलम कसा अगदी स्वच्छ! मग 'व्हीलूकअप' लावून दुसऱ्या शीटमधून प्रत्येक नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि बँक खाते नंबर ओढून घेतला. मुलगा बघतच राहिला. मीही स्वतःवर खूश.

संध्याकाळी ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचायची होती. पैसे खात्यात पाठवण्याआधी यादी वाचायची, हा तिथला नियम. मुलगा वाचत होता. नाव, पुडे, रुपये. एका आजींचे 3,000 पुडे आणि 12,000 रुपये. आजी माडियात काहीतरी बोलल्या. मुलाचा चेहरा पडला. "आजी म्हणते, तीस शेकडे होतात. शेकड्याला 425. मग 12,750 पाहिजेत."

आजींना एक्सेल येत नव्हतं. त्या शेकड्यात मोजत होत्या, म्हणून त्यांच्या हिशेबात अपूर्णांक आलाच नाही. चार आण्याचं नाणं 30 जून 2011 ला चलनातून गेलं, पण 3,000 पुड्यांशी गुणलं की त्याचे साडेसातशे होतात. असे पुडे देणारी शंभर कुटुंबं धरली, तर 75,000 रुपये. ते माझ्या एका स्वच्छ कॉलमनं खाल्ले होते.

थोड्या वेळानं दुसरा बॉम्ब. एक नाव दोनदा आलं आणि दोन्ही वेळा नवऱ्याचं नावही तेच. सभेत हशा पिकला. एक बाई मात्र हसली नाही. गावात मडावी, आत्राम खूप, आणि त्यात एकाच नावाच्या दोघी होत्या. व्हीलूकअपला नाव दिलं, तर त्याला यादीत जी पहिली सापडते तिचीच माहिती तो उचलतो, दुसरी आहे हे तो सांगत नाही. न हसलेल्या बाईचे पैसे दुसरीच्या खात्यात जाणार होते, आणि शीटमध्ये एकही एरर नव्हता.

रात्री आम्ही दोघांनी सगळं परत केलं. पुडे गुणिले 425, भागिले 100, आणि राउंड अगदी शेवटी, एकदाच. म्हणजे 187 पुड्यांचे 794.75 होतात, ते झाले 795. इन्कम टॅक्समध्येही करपात्र उत्पन्न हिशेबाच्या शेवटीच दहाच्या पटीत आणतात, ते याचसाठी. नुसते पैसे दिसायला नको असतील, तर सेलचं फॉरमॅट बदला. आकडा दिसतो छोटा, पण आत असतो पूर्ण. मात्र तसं केलं की वर दिसणाऱ्या रकमांची बेरीज कधीकधी खालच्या टोटलशी एक-दोन रुपयांनी जुळत नाही. त्यामुळे ज्या रकमा खरंच वाटायच्या आहेत, त्यांना शेवटी राउंड हवंच.

आणि शोधायचं कार्ड नंबरावरून. प्रत्येक कुटुंबाचं कार्ड वेगळं, नंबर वेगळा. तुमच्याकडे एम्प्लॉयी कोड असतो, तसाच. व्हीलूकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. नाही लिहिलं, तर नेमका नंबर मिळाला नाही तरी तो त्याच्या खालच्या जवळपासचा नंबर धरून मोकळा होतो, आणि यादी क्रमानं लावलेली नसेल, तर उत्तर वाट्टेल ते. नव्या एक्सेलमधला 'एक्सलूकअप' आपणहून नेमकाच नंबर शोधतो, पण त्या जुन्या लॅपटॉपवर तो कुठला असायला!

दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा वाचली. आजींनी 12,750 ऐकलं, मान हलवली आणि विडी पेटवली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील. नाही बोलल्या. त्यांच्या दृष्टीनं त्यात बोलण्यासारखं काय होतं?

परत आल्यापासून एक सवय लागली आहे. इन्सेन्टिव्हची असो की ट्रिपच्या खर्चाची, शीट पाठवण्याआधी मी ती एकदा मोठ्यानं वाचते, आणि ज्याचा पैसा त्यात आहे अशा एकाला तरी समोर बसवते. मित्र हसतात. हसू देत!