नाव देण्याआधी विचारा
टेबलाभोवती बसून बोलता बोलता कथा रचण्याचे जे खेळ आहेत, त्यांत एक सूत्र अनेकदा सांगितलं जातं: खेळाची पद्धत म्हणजे नुसते छापील नियम नव्हेत, तर कल्पनेतल्या जगात काय घडलं, हे खेळणारी मंडळी ज्या रीतीनं आपसांत मान्य करतात, ती सगळी पद्धत. अमेरिकी रचनाकार व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘लम्प्ली’ या टोपणनावावरून त्याला ‘लम्प्ली तत्त्व’ म्हणू लागले. पण या विचारात एमिली केअर बॉस यांचाही वाटा होता, आणि त्या नावात त्या कुठेच नव्हत्या! पुढे ‘बेकर-केअर तत्त्व’ हे नाव आलं. मला तेच न्याय्य वाटतं. नाव देताना आणखी एक पथ्य पाळायला हवं: ज्याचं नाव लावायचं, त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला, तर दुसरं नाव शोधा.